फॉक्स, किंग की बिलस्टीन: ऑफरोडसाठी कोणता कॉइलओव्हर टिकाऊ आणि पैसा वसूल?

तुम्ही इंदूरचे आणि महिन्यातून एकदा चोरल-सिमरोलकडे गाडी घालता म्हणताय, तर कॉइलओव्हर (म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर एकत्र जोडलेला भाग) घेताना माझं मत बिलस्टीन ६११२, अर्थात तुमच्या गाडीला बसणारं किट मिळत असेल तर. ६० मिमीचा पिस्टन आहे, मोनोट्यूब (एकाच नळीचा शॉक) आहे, शहरात गाडी डोलत नाही आणि फारसं लक्षही द्यावं लागत नाही.

फॉक्स २.५ आणि किंग २.५ खडकाळ रस्त्यावर जोरात पळवायला खरंच जबरदस्त, रिझर्व्हॉयरवालं (जोडीला वेगळी टाकी असलेलं) घेतलं तर तेल जास्त भरतं, त्यामुळे लवकर तापून पातळ होत नाही आणि शॉक ढिला पडत नाही, वर दोन्ही खोलून नवीन सील, तेल, नायट्रोजन भरता येतं. पण ते भरून देणारा जवळ नसेल तर काय उपयोग? आधी तो शोधा मगच पैसे घाला.

आणि हो, आपली माळव्याची काळी माती! शॉकच्या आतबाहेर सरकणाऱ्या रॉडवर वाळली की तेल अडवणारं सीलच खाते, माझं एक सील असंच गेलं. घरी आलात की आधी रॉड धुवा.