फेरीबोटीतली गोष्ट आणि फिजिक्सची जर्नल

बाय,

तुझी गोष्ट दोनदा वाचली. उत्तराला उशीर झाला कारण मोहोर आलाय आणि त्यावर तुडतुडा पण आलाय, दोन दिवस फवारणीवाल्यांचं चहापाणी बघण्यातच गेले.

आधी तुझा दुसरा प्रश्न घेते, कारण तू तो पत्राच्या पार तळाला, बारीक अक्षरात लिहिलायस. म्हणजे खरा तोच.

त्या दोघांमधलं 'ते' किती लिहायचं? मैत्रीण म्हणते रोमान्स वाढव, नाहीतर कोण वाचणार. अगो, तुझी पात्रं बारावीतली आहेत, सतरा वर्षांची. तिथे शरीराचे सीन लिहायचेच नाहीत, यात मी 'तुझं तू ठरव' वगैरे म्हणणार नाही. आणि कथेला त्याची गरज पण नाहीये, कारण दाभोळच्या फेरीबोटीत वाशिष्ठीचं पाणी उडायला लागतं आणि तो तिची प्रॅक्टिकलची जर्नल भिजू नये म्हणून स्वतःच्या शर्टात धरतो आणि पलीकडे धोपाव्याला उतरेपर्यंत दोघं एक शब्द बोलत नाहीत, हे तू लिहिलंयस ना, तिथे मी वाचता वाचता थांबले. जवळीक तिथेच झाली. त्याच्या खालचा जो परिच्छेद आहे, उष्ण श्वास, थरथरते ओठ, तो तुझा नाही. तो कुठूनतरी वाचलेला आहे. मला कसं कळलं? आख्ख्या गोष्टीत तुझी माणसं 'होय गे', 'कायतरीच काय' असं बोलतात आणि तेवढ्या आठ ओळीत एकदम पुस्तकी होतात. तो परिच्छेद काढ, आणि मग बोट धक्क्याला लागल्यावर ती जर्नल परत घेते तेव्हा तिचं पुठ्ठ्याचं कव्हर गरम लागतं, एवढंच ठेव. किंवा हेही नको, तू बघ.

हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. मोठ्यांच्या आयुष्यावर लिहिशील तेव्हा हा विषय येणारच, लग्नातला, नको असलेला, हवासा वाटणारा, सगळा. तेव्हा पण मोजमाप हेच, की या प्रसंगाने माणसाबद्दल काही नवीन कळतंय का. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि १९६९ मध्ये कोर्ट म्हणालं की कथा अश्लील नाही. सुटी वाक्यं उचलून नाही, आख्खी कथा समोर ठेवून बघायचं असतं. तुझी मैत्रीण सुटी वाक्यं मागतेय.

आता तुझा पहिला प्रश्न, लिहिणं सांभाळून बारावीचा अभ्यास कसा करायचा. इथे मी शहाणपण शिकवायला लायक नाही, कारण मी बारावीत फिजिक्सच्या जर्नलच्या मागच्या पानांवर कादंबरी लिहिली, सबमिशनच्या दिवशी तीच जर्नल सरांच्या टेबलावर गेली, आणि सरांनी नायिकेच्या वर्णनाखाली लाल पेनाने 'आकृती काढा' असं लिहून परत दिली. हसू नको. मार्क पण तसेच पडले.

म्हणून सांगते, वही वेगळी ठेव. थिअरीचे ७० आणि प्रॅक्टिकलचे ३०, यातले ३० तर जर्नल नीट ठेवली की बरेचसे हातात येतात, ते उगाच घालवू नको. फेब्रुवारीत पेपर सुरू होईपर्यंत नवी गोष्ट सुरू करायची नाही, जुनीच दुरुस्त करायची, ती पण रविवारी तासभर. बाकीचे दिवस बोटीत आणि एसटीत जे कानावर पडेल ते मोबाईलवर दोन ओळीत टिपून ठेव, बस. कंडक्टरचं एखादं वाक्य पण पुरतं. आणि मराठीचा अभ्यास म्हणजे अभ्यासच, युवकभारतीत कथा हा साहित्यप्रकार आहे, तो भाग जरा लेखकाच्या नजरेने वाच, तुझा वेळ दोन्हीकडे लागेल.

आईला वाटतं लिहिण्यापायी तू नापास होणार. तिच्याशी भांडू नको. वि. स. खांडेकर शिरोड्याला १९२० पासून १९३८ पर्यंत शाळेत मास्तर होते आणि लिहीत होते, हे तिला सांग. पण जर्नल पूर्ण करून मग सांग, आधी नको.

आणि एक चूक राहिलीय. तुझी बोट भर मे महिन्यात संध्याकाळी निघते आणि डेकवर एक पण आंब्याची पेटी नाही? धक्क्यावर जाऊन बघ जरा, पण परीक्षेनंतर. किती पेपर झाले, कसे गेले ते मधेमधे कळव.

तुझी,
मावशी