लान्स नाईकातला 'लान्स' आणि आपला भालाईत

गुहागरकडच्या एकांनी विचारलंय की गावातल्या सैनिकांच्या नावांची पाटी नव्याने रंगवायची आहे, त्यात एका नावाआधी 'लान्स नाईक' आहे, तर लान्स म्हणजे भाला ना, मग पायदळातल्या माणसाला भाला कशाला, आणि मराठीत 'भालानायक' लिहिलं तर चालेल का?

लान्स म्हणजे भालाच, पण मोडलेला. इटालियनमधे 'लान्चा स्पेत्साता' म्हणजे मोडका भाला, आणि ज्या घोडेस्वाराचा भाला मोडला किंवा घोडा पडला त्याला तात्पुरतं पायदळात घेत, साध्या शिपायापेक्षा त्याचा मान थोडा जास्त, अशी त्याची हकीकत सांगतात. तो शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला, शेपूट गळून नुसता लान्स राहिला आणि तिथून आपल्या फौजेत. म्हणून लान्स नाईक म्हणजे नाईकाच्या खालची पायरी, हातावर एक फीत. रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, त्याच पायरीवरचा तो अ‍ॅक्टिंग लान्स दफादार. भाल्याशी त्याचा आता काही संबंध नाही, त्यामुळे 'भालानायक' लिहिलंत तर वाचणाऱ्याला भलतंच कळेल.

खरे भालेवाले वेगळे, आणि ते आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप उशिरापर्यंत होते. पहिल्या महायुद्धात, 14 जुलै 1916 ला फ्रान्समधे सॉमच्या लढाईत, तोफा आणि मशीनगन चालू असताना, डेक्कन हॉर्स या आपल्या घोडदळाच्या पलटणीचे सवार भाले घेऊन हाय वूडच्या जंगलाकडे धावले होते. पॅलेस्टाईनमधे खंदकांची कोंडी नव्हती, मोकळं रान होतं, तिथे तर भाला अजून चालला. 23 सप्टेंबर 1918 ला जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सनी, म्हणजे तिथल्या भालेवाल्या घोडेस्वारांनी, हैफा शहर घेतलं, समोर मशीनगन, एका बाजूला कार्मेलचा डोंगर, आणि हे घोड्यावर भाले तलवारी घेऊन, त्यात मेजर दलपतसिंग शेखावत कामी आले आणि शत्रूचे हजारावर लोक कैद झाले. दिल्लीतला तीन मूर्ती चौक, ज्याला 2018 पासून हैफाचं नाव जोडलंय, तो जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या भालाईतांचाच. आज 2 लान्सर्स, डेक्कन हॉर्स ही नावं आहेत, पण पलटणी रणगाड्यांच्या.

हा भाला साधारण नऊ फुटी, दांडा बरेचदा भरीव बांबूचा, ज्याला नर बांबू म्हणतात. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, आपला माणगा तसाच, आतून जवळजवळ भरलेला. आंबे उतरवायच्या घळीची काठी एकदा टोक पुढे करून काखेत धरून चालून बघा. टोक हलतं, खाली जातं, दोन पावलांत मनगट भरून येतं. मी आमच्या परड्यात हे करून बघितलंय आणि तेव्हापासून धावत्या घोड्यावरून हे पेलणाऱ्या सवाराबद्दल फार आदर वाटतो.

मराठीत भाल्याला शब्द कमी नाहीत. बरची, नेजा, सगळी लोखंडाची ती सांग, आणि विटा, म्हणजे दोरी बांधलेला भाला, फेकायचा आणि दोरीने परत ओढायचा, तो चालवणारा विटेकरी. पण 'लान्सर'ला अगदी नेमका बसतो तो भालाईत. भालदार नको, तो चोपदाराबरोबर दरबारात उभा राहणारा. आणि एक गोष्ट मला फार आवडते, इंग्रजांच्या रिसाल्यात स्वतःचा घोडा आणणाऱ्या सवारांची जी पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालली तिला ते 'सिल्लादार'च म्हणत, म्हणजे आपला शिलेदार, आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा 'बारगीर', म्हणजे पेशवाई बुडून शंभर वर्षं झाली तरी बखरीतले हे दोन शब्द त्यांच्या पगारपत्रकात होते.

तर पाटीवर 'लान्स नाईक' असंच ठेवा, नाईक दीर्घ ई घालून लिहा कारण आपल्याकडे तोच उच्चार आहे. घरच्यांकडे डिस्चार्जचा कागद असेल तर पलटणीचं नावही खाली घाला. आणि कुणी रिसाल्यातला निघाला, लान्सर्सचा, तर त्याच्या नावापुढे बिनधास्त भालाईत लिहा.