चार टीव्ही, एक डिश: बॉक्सची वाट पाहा, पाइपची नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याजवळ तळमजला अधिक एक असा बंगला बांधताय, वरचा स्लॅब भरून झालाय, पंधरा दिवसांत झिऱ्या (भिंतीत पाइपसाठी खाचा) मारून प्लास्टर सुरू होईल. टीव्ही चार. बाहेरच्या देशांत असते तशी 'एक मोठा बॉक्स आणि बाकी टीव्हींना छोटे बॉक्स' अशी सिस्टिम लवकरच येतेय, असं विक्रेता सांगतोय. म्हणून तोवर कनेक्शन आणि वायरिंग दोन्ही थांबवावं का?

कनेक्शन थांबवायचं असेल तर खुशाल थांबवा. वायरिंग एक दिवसही थांबवू नका. बॉक्स कधीही बदलता येतो. प्लास्टर झाल्यावर राहून गेलेला पाइप मात्र पट्टीतून भिंतीवर मिरवत राहतो.

तुम्ही ज्या सिस्टिमची वाट पाहताय ती बाहेर कशी चालते ते पाहिलं, की इथे काय टाकून ठेवायचं हे आपोआप कळतं. अमेरिकेत डिश नेटवर्क या कंपनीने 'हॉपर' हा मुख्य बॉक्स जानेवारी २०१२ मध्ये दाखवला आणि मार्चमध्ये विकायला काढला. त्यात तीन ट्यूनर (एका वेळी एक चॅनल पकडणारे भाग) होते. २०१६ च्या हॉपर ३ मध्ये ते सोळा झाले. दुसऱ्या खोल्यांतले 'जोई' नावाचे छोटे बॉक्स बाहेरच्या डिश अँटेनाकडून काहीच घेत नाहीत, ते मुख्य बॉक्सकडून चित्र घेतात, तेही घरातल्या कोअॅक्स (टीव्हीच्या गोल, जाड) केबलवरून. इंग्लंडमधला 'स्काय क्यू' फेब्रुवारी २०१६ मध्ये आला. तिथे मुख्य बॉक्सला डिशपासून दोन केबल जातात, छोटे बॉक्स वायफायवर किंवा लॅनच्या (घरातल्या नेटवर्कच्या) वायरवर चालतात आणि डिशवरचा जुना एलएनबी (डिशसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) काढून वाइडबँड एलएनबी बसवावा लागतो. म्हणजे एकीकडे छोट्या बॉक्सपर्यंत कोअॅक्स लागली, दुसरीकडे लॅन. उद्या इथे काहीही आलं तरी, वायफाय सोडलं तर, या दोनपैकी एक लागणारच. म्हणून प्रत्येक टीव्हीमागे दोन आरजी-६ (कोअॅक्स केबल) आणि एक कॅट-६ (लॅनची वायर) टाका. हॉलमध्ये कॅट-६ दोन टाका, कारण मुख्य बॉक्स बहुधा तिथेच बसेल.

'एक बॉक्स झाला की महिन्याचा खर्च एकाच टीव्हीचा' ही आशा धरून वाट पाहत असाल तर ती सोडा. अमेरिकेत जोईमागे महिन्याला भाडं आहे, इंग्लंडमध्येही जादा खोल्यांसाठी जादा आकार आहे. आपल्याकडे ट्रायने (दूरसंचार नियामकाने) २०२० मध्ये दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीचं नेटवर्क शुल्क (चॅनलच्या पैशांव्यतिरिक्तचा मासिक आकार) पहिल्याच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त नको अशी मर्यादा घातली होती. २०२४ मध्ये नेटवर्क शुल्क कंपन्यांवर सोडलं. त्यामुळे दुसऱ्या टीव्हीचा आकडा विचारताना शुल्क, चॅनलचे पैसे आणि जीएसटी मिळून किती, असा एकच प्रश्न विचारा.

आता आजची स्थिती. आपल्याकडच्या रीतीने चार टीव्ही म्हणजे चार बॉक्स, आणि प्रत्येक बॉक्सला एलएनबीपासून स्वतंत्र केबल. हे का, ते नीट समजून घ्या, कारण 'स्प्लिटर (एका केबलला फाटे फोडणारी डबी) टाकतो, एका केबलवर भागवतो' म्हणणारा वायरमन भेटतोच. बॉक्स केबलमधून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. १३ म्हणजे उभ्या ध्रुवणाचे (ध्रुवण म्हणजे लहरी डोलण्याची दिशा) चॅनल हवेत, १८ म्हणजे आडव्या. ज्या उपग्रहावर दोन्ही ध्रुवणं वापरात आहेत तिथे स्प्लिटर लावला, की एका खोलीत १३ मागितले आणि दुसऱ्या खोलीत १८, तर एलएनबी १८ चं ऐकतो आणि पहिल्या खोलीत 'नो सिग्नल' येतो. संध्याकाळी दोघांनी एकाच गटातले चॅनल लावले तर सगळं छान चालतं, म्हणून हा दोष लवकर सापडत नाही. एका केबलवर अनेक ट्यूनर चालवायची खरी पद्धत आहे, तिला युनिकेबल म्हणतात. पण ती सोय बॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्येच असावी लागते, नुसता एलएनबी बदलून भागत नाही.

चार बॉक्सना क्वाड (चार तोंडांचा) एलएनबी पुरतो. मात्र दोन ट्यूनरचा रेकॉर्डिंग बॉक्स घेतलात तर त्याला एकट्याला दोन केबल लागतात. तेव्हा चार टीव्ही असले तरी तोंडं पाच, आणि क्वाड अपुरा पडतो. मग ऑक्टो (आठ तोंडांचा) घ्या. दुकानात क्वाड मागितल्यावर क्वाट्रो देऊ देऊ नका. क्वाट्रोची चार तोंडं मल्टिस्विचसाठी (सिग्नल अनेक बॉक्सना वाटणाऱ्या यंत्रासाठी) असतात, बॉक्सला थेट लावली तर चॅनलचा एकच तुकडा दिसतो.

वायरिंगचा नकाशा असा करा. सगळ्या केबल एका जागी आणायच्या; जिन्याखालची कोरडी जागा उत्तम, मीटरबोर्डाच्या कपाटात नको. तिथे दोन प्लग पॉइंट आणि झरोक्याचं दार ठेवा, उद्या मुख्य बॉक्स किंवा मल्टिस्विच तिथे बसला तर तो तापणार आहे. गच्चीवरून तिथवर सहा आरजी-६: चार क्वाडसाठी, दोन राखीव. त्यासाठी ४० मिमीचा पाइप. तिथून प्रत्येक टीव्हीपर्यंत २५ मिमीचा स्वतंत्र पाइप. २० मिमीमध्ये दोन आरजी-६ आणि एक कॅट-६ जेमतेम शिरतात, पण दुसऱ्या वळणावर अडकतात, आणि जोरात ओढली की कोअॅक्स आतून चेपते. चेपलेली केबल बाहेरून धड दिसते, सिग्नल मात्र खाते. पाइपला काटकोनी एल्बो नको, लांब बेंड घ्या, आणि प्रत्येक पाइपमध्ये नायलॉनची दोरी सोडून ठेवा. विजेच्या वायरी याच पाइपमध्ये घालू नका. शेजारून समांतर न्यायच्या असतील तर वीतभर तरी अंतर ठेवा.

हिशेब: गच्ची ते जिना सरासरी १४ मीटर धरले तर सहा केबलना ८४ मीटर. जिना ते टीव्ही सरासरी १६ मीटर धरले तर आठ केबलना १२८ मीटर. म्हणजे एकूण २१२ मीटर, शंभर मीटरची तीन बंडलं; तिसऱ्यातली बरीच उरेल. केबल शुद्ध तांब्याच्या गाभ्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी गाभा सिग्नलला चालतो, पण एलएनबीची वीज त्याच गाभ्यातून वर जाते आणि लांब अंतरावर १८ चे १५ व्होल्ट होऊ लागतात. ओळखायला सोपं: टोक कापून चुंबक लावा, चिकटला तर पोलाद. चांगल्या आरजी-६ मध्ये वरच्या फ्रीक्वेन्सीला शंभर मीटरला साधारण ३० डीबी (सिग्नल मोजायचं एकक) घट होते, म्हणजे तुमच्या ३० मीटरला ९ डीबी. त्याला अॅम्प्लिफायर लागत नाही.

डिशची जागा आत्ताच ठरवा, पाण्याची टाकी बांधायच्या आधी. पुण्याहून टाटा प्लेचा ८३ अंश पूर्वेचा उपग्रह १५३ अंश दिशेला (उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजून) आणि ६६ अंश उंचीवर आहे. एअरटेलचा १०८.२ अंशांवरचा ११५ अंश दिशेला, ४५ उंचीवर. ८८ चा डीटूएच, ९३.५ चा डीडी फ्री डिश आणि ९५ चा डिश टीव्ही हे या दोघांच्या मध्ये. म्हणजे गच्चीच्या आग्नेय कोपऱ्यातून ११५ ते १५३ अंशांचा पट्टा मोकळा असला की पुढे कंपनी बदलली तरी डिश तिथेच फिरवता येईल. ४५ अंशांचा अर्थ सोपा आहे: समोरची टाकी डिशपेक्षा ३ मीटर उंच असेल तर ती ३ मीटरपेक्षा लांब हवी, आणि वर थोडी जागा मोकळी. डिश पाहून उंचीचा अंदाज बांधू नका. ऑफसेट डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर पाहत असते. दिशेसाठी फोनमधलं होकायंत्र पुरतं, फक्त ते लोखंडी खांबापासून दूर धरा.

डिशसाठी कोब्यात भोक पाडू देऊ नका. वॉटरप्रूफिंगची हमी तिथेच संपते आणि पहिल्या पावसात खालच्या खोलीत ओल येते. पॅरापेटच्या भिंतीला क्लॅम्प करा किंवा काँक्रीटचा ठोकळा ओतून त्यात पाया धरा. पाइपही स्लॅबमधून नको, जिन्याच्या हेडरूमच्या भिंतीतून आत घ्या. त्याचं बाहेरचं तोंड छत्रीच्या मुठीसारखं खाली वळवा, आणि केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल.

टोकं बांधायचं काम मात्र स्वतः उभं राहून करून घ्या, निम्म्या तक्रारी तिथेच जन्मतात. एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचं धातूचं तोंड) बसवताना बाहेरचं आवरण सोललं की जाळी मागे दुमडायची. पांढरा थर कनेक्टरच्या आतल्या तळाशी सपाट यायला हवा, आणि तांब्याचा गाभा कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर, जास्त नाही. जाळीचा केसाएवढा एक धागा गाभ्याला टेकला तरी शॉर्ट होतो आणि बॉक्स एलएनबीची वीज बंद करतो. त्यापायी माणसं एलएनबी बदलत बसतात. पिळून बसवायचे कनेक्टर उन्हापावसात सैल होतात, कॉम्प्रेशनचे घ्या. गच्चीवरच्या प्रत्येक जोडावर स्वतःला चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा. कनेक्टरच्या आत हिरवा थर दिसला की पाणी शिरलंय असं समजा. तेवढं टोक कापून नवं करा.

जोडणी झाली की बॉक्सच्या मेन्यूत स्ट्रेंग्थपेक्षा क्वालिटीचा आकडा पाहा. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर डिश किंचित सरकलेली असते. हा आकडा पावसाळ्याआधी, कोरड्या दिवशी लिहून ठेवा. मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणं हे केयू बँडचं (या डिश ज्या लहरींवर चालतात त्या पट्ट्याचं) स्वाभाविक वागणं आहे, अॅम्प्लिफायरने ते थांबत नाही. पाऊस थांबून तास झाला तरी आकडा पूर्वपदावर येत नसेल, तर जोड तपासा.

तोवर कनेक्शनचं काय? राहायला जाताना दोनच बॉक्स घ्या, हॉलचा आणि आईवडिलांच्या खोलीतला. वर्षाचं रिचार्ज करू नका, महिन्याचं ठेवा. तिसऱ्या टीव्हीला हॉलमधलंच चॅनल दिसलं तरी चालणार असेल, तर एचडीएमआयचा एक्स्टेंडर (बॉक्समधलं चित्र लांबच्या टीव्हीपर्यंत नेणारं उपकरण) त्याच कॅट-६ वर चालतो. फक्त रिमोटचा सिग्नल परत पाठवणारा घ्या, नाहीतर चॅनल बदलायला हॉलमध्ये यावं लागेल.

आणि प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, झिरीशेजारी मोजपट्टी धरून. दोन्ही टोकांना खोलीचं नाव मार्करने लिहून त्यावर पारदर्शक टेप लावा. नुसतं मार्कर पुसलं जातं.