शिंगवाला शेणकिडा: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

ऑन्थोफॅगस टॉरस, म्हणजे जेमतेम 8 ते 10 मिलीमीटरचा काळपट शेणकिडा, याच्यावर बरेच प्रश्न आलेत, एकेक घेऊया.

प्रश्न: फोटोत काही नरांना लांब शिंगं आहेत, काहींना नाहीतच. जाती वेगळ्या का?

जात एकच. फरक पडतो तो अळीपणी पोटात किती गेलं त्याने. शेणाखाली बोगदा खणून मादी शेण दाबून दाबून त्याचा गोळा बनवते, त्यात एकच अंडं घालते आणि तोंड बंद, की झालं, आता अळीला कोष होईपर्यंत तेवढाच डबा, वर कोणी वाढायला येत नाही. भरपूर मिळालं तर नर मोठा होतो नि त्याला वळलेली शिंगं फुटतात, कमी पडलं तर नुसती टेंगळं, मधले फार थोडे. शिंगवाला बोगद्यात पहारा देतो, दुसरा नर आला की डोक्याला डोकं लावून ढकलाढकली. आणि बिनशिंगी? तो बाजूने स्वतःचा बोगदा खणून गुपचूप मादीपाशी पोचतो, मालक दारातच उभा! मला तरी या किड्यातलं सगळ्यात भारी हेच वाटतं.

प्रश्न: वजनाच्या हजारपट ओढतो म्हणे, फेकाफेकी ना?

नाही हो, 2010 च्या अभ्यासात मोजलंय, 1141 पट. फक्त तो आकडा सगळ्यात दणकट नराचा, सरसकट सगळ्यांचा नाही, आणि खाणं निकृष्ट मिळालं की ही ताकद उतरते.

प्रश्न: अळी हुमणीसारखी दिसते, मुळं खाईल का?

कुळ एकच म्हणून तशी पांढरी आणि वाकडी, पण ही मुळांना तोंड लावत नाही, गोळ्यातलं शेणच खाते. पाठीवर कुबड दिसलं की समजा शेणकिडा.

प्रश्न: ऑस्ट्रेलियाने हा मुद्दाम का आणला?

तिथले देशी शेणकिडे कांगारूंच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले, 1788 पासून गाईगुरं आली आणि हे ओले पो काही त्यांना झेपेनात, शेण तसंच सुकत पडायचं, माश्या माजायच्या, खालचं गवत वाया. मग जॉर्ज बोर्नेमिस्झा या कीटकतज्ज्ञाच्या पुढाकाराने सीएसआयआरओ या सरकारी संस्थेने बाहेरून बऱ्याच जाती आणल्या, भूमध्य समुद्राकडचा हा त्यातलाच.

प्रश्न: जनावरांना जंताचं औषध दिलं तर?

आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध शेणातून बाहेर पडतं आणि त्या शेणाच्या गोळ्यातल्या अळ्या मरतात, मोठे किडे बऱ्याचदा तगतात म्हणून वरून सगळं ठीकच वाटतं. त्यामुळे अख्ख्या कळपाला सरसकट नको, पशुवैद्याला विचारून गरज असलेल्या जनावरालाच द्या.