आधी उजेड बघ

प्रिय पोरी,

तुझी रंगीत काचेच्या खिडक्यांची डिझाइनं नीट पाहिली. हात चांगला आहे, ते तुलाही ठाऊक आहे. अमेरिकेत पिलचकला, त्या काचकामाच्या शाळेत, अर्ज करू की रबाळ्यात तुमच्या स्टुडिओत राहू, हा तुझा घोळ कळतो मला. पण ठाण्याच्या तलावपाळीजवळच्या हॉलसाठी एवढी मोठी खिडकी काढलीस आणि ती कुठल्या दिशेला तोंड करून आहे, ते तुला सांगता येईना!

आधी उजेड बघ. टॅबवरचं चित्र मागून उजळलेलं असतं, म्हणून तुझे सगळे निळे झळकतात. भिंतीत बसलेली तीच काच दिवसा बाहेरून काळीठिक्कर दिसते, रंग फक्त आतल्यांना. रात्री आत दिवे लागले की उलटं. मग हे काम कोणासाठी, आतल्या वऱ्हाडासाठी की रस्त्यावरच्या माणसासाठी? हे ठरेपर्यंत पेन्सिल उचलू नकोस.

आणि उजेड ठाण्याचाच बघ. फ्रान्समधल्या शार्त्रच्या कॅथेड्रलच्या काचांचे गडद निळे तिकडच्या आकाशाला शोभतात. इथे मेच्या मध्यात भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर. उभ्या खिडकीला तो जेमतेम घासून जातो. डिसेंबरात तो दक्षिणेला 47 अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा दक्षिणेची खिडकी आत लादीवर रंग सांडते. पावसाळ्यात दुधी काच बरी, पारदर्शकमधून पलीकडची निळी ताडपत्री दिसते.

याच हट्टापायी एका लॉबीचं मोठं काम मी सोडलं. त्यांना पंधरवड्यात आराखडा हवा होता, मी म्हटलं पावसाळा बघू द्या. घरचे अजून ऐकवतात. ऐकवू देत. तिथे आता छापील फिल्म आहे, तिच्या कडा सुटल्यात. मी काय चुकीचं सांगत होतो?

पिलचकला जरूर जा. 1971 साली पहिल्या तुकडीने तिथे राहायचे आडोसेसुद्धा स्वतःच उभारले होते. गरम काच फुंकायला तिथे शिकशील, माझ्याकडे ती भट्टी नाही. फक्त काचेसाठी परदेशच लागतो असं घरी सांगू नकोस. तळेगावचा पैसाफंड काच कारखाना 1908 सालचा, तिथेही मुलं शिकली.

अर्जाआधी त्या खिडकीसमोर सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर उभी राहा. वॉचमनला माझं नाव सांग. बाहेरच्या बाजूला एसीचे डबे कुठे टांगलेत तेही लिहून आण, ते कुठल्याच नकाशात नसतात.