पेगइंटरफेरॉनवरच्या रुग्णाचं मन

सप्रेम आशीर्वाद.

यकृताच्या ओपीडीत रुजू झालीस, आनंद वाटला. हिपॅटायटिस सी आता सुसह्य झालाय. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात सोफोसबुवीर, डॅक्लाटासवीर मोफत मिळतात आणि बहुतेकांचा कोर्स 12 आठवड्यांत संपतो. काळजी वाटते ती हिपॅटायटिस बीसाठी पेगइंटरफेरॉन (जास्त काळ टिकणारं इंटरफेरॉन) घेणाऱ्या थोड्या रुग्णांच्या मनाची. आठवड्याला एक इंजेक्शन, तेही 48 आठवडे.

ज्या ट्रिप्टोफॅन या अन्नघटकापासून मनःस्थिती सांभाळणारं सेरोटोनिन बनतं, ते इंटरफेरॉनमुळे दुसरीकडे वळतं. हिपॅटायटिस सीच्या जुन्या, इंटरफेरॉनच्याच उपचारात साधारण चारांत एकाला नैराश्य यायचं, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. हे रुग्णाला आणि घरच्यांना पहिल्या इंजेक्शनआधीच सांग. नाहीतर तो स्वतःलाच दुबळ्या मनाचा समजतो आणि घरचे म्हणतात, 'औषधं घेऊन याचा स्वभावच बिघडला.'

'मला नैराश्य आलंय' असं कुणी म्हणत नाही. 'अंगात त्राण नाही', 'झोप लागत नाही' एवढंच कानावर येतं. तेव्हा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) जरूर बघ, कारण इंटरफेरॉन थायरॉइडही बिघडवतं. पण तपासणी लिहून मोकळी होऊ नकोस. पीएचक्यू-9 ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली सुरुवातीला भरून घे, मग दर महिन्याला. रुग्णाची हरकत नसेल तर बायकोला, आईला वेगळं विचार. चिडचिड आधी त्यांनाच जाणवते.

पूर्वी तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर इंटरफेरॉनचा हट्ट धरू नये, असं माझं ठाम मत आहे. हिपॅटायटिस बीवर टेनोफोवीर, एन्टेकावीरच्या गोळ्या आहेतच. त्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात, तरी चालेल.

उपचार चालू असताना मन खचू लागलं तर मानसोपचारतज्ज्ञांना लगेच सामील करून घे. एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. उशीर परवडत नाही. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचार. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर इंजेक्शन थांबव, त्याच दिवशी मानसोपचार विभागात स्वतः घेऊन जा, एकट्याला घरी पाठवू नकोस. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर प्रत्येकाच्या केसपेपरवर लिहून दे.

इंजेक्शनं संपली तरी काही महिने त्यांना बोलावत राहा. नैराश्याची गोळी एकदम बंद करायची नाही, हेही बजावून सांग.

तुझा,
सर