कोल्हापुरात वीस खोल्यांच्या हॉटेलला स्मार्ट लॉक आणि सेल्फ चेक-इन बसवून रिसेप्शनचा माणूस कमी करता येईल का?

सरळ सांगते. कुलपं बसवा, माणूस काढू नका.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तुमच्याकडे येणारे बहुतेक लोक अंबाबाईच्या दर्शनाचे असतात, आणि पुढच्याच ओळीत विचारलंय की रिसेप्शनवरचे दोन पगार वाचतील का. या दोन गोष्टी एकाशेजारी वाचल्या आणि गप्प बसवेना. हाच वाद आमच्या घरात झालाय. मागच्या महिन्यातल्या एका लग्नात चारचौघांसमोर मला ऐकवलं गेलं की "वहिनींनी अडवलं म्हणून आपलं लॉज मागं राहिलं." त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आमचं लॉज महाद्वार रोडच्या मागच्या बोळात आहे. मामंजींनी सुरू केलं. ते होते तोवर काउंटरवर तेच बसायचे. पुढ्यात जाड रजिस्टर, मागे फळीवर पितळी बिल्ल्याच्या किल्ल्या. त्यांच्या माघारी काउंटर आणि खोल्यांची देखभाल माझ्याकडे आली, खरेदी आणि जाहिरात धाकट्या दिरांकडे. भाऊजी पुण्यात शिकलेले, हुशार आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं की काउंटर ही गोष्टच आता जुनी झाली. "वहिनी, जपानमध्ये रोबोट हॉटेल चालवतात आणि आपण अजून किल्ल्या वाटत बसलोय," हे मी किती वेळा ऐकलं असेल!

मग सगळ्या दारांना आकडे दाबून उघडायची कुलपं लागली. बुकिंग ज्याच्या नावावर, त्याच्या मोबाईलवर कोड जाणार. त्याने यायचं, कोड दाबायचा, आत जायचं. नवा कोड काढायचा अधिकार फक्त भाऊजींच्या फोनवरच्या अ‍ॅपला. रात्रपाळीला बसणारे आमचे काका मामंजींच्या वेळेपासूनचे. त्यांना 'आता या नका' सांगायचंही ठरलं. मी म्हटलं, नवरात्र होऊ दे, मग बघू.

ललिता पंचमीचा दिवस. त्या दिवशी अंबाबाईची पालखी टेंबलाई देवीच्या भेटीला जाते, कोहळ्याचा विधी होतो, आणि शहरात पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे लातूरकडचं एक कुटुंब उतरलं होतं. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. मुलगा-सून रांगेत उभे, आणि धाकट्या नातवाला झोप आली म्हणून आजी त्याला घेऊन एकट्याच परत आल्या. अनवाणी, नऊ दिवसांचा उपवास, कडेवर पेंगुळलेलं पोर. मी वर चादरी द्यायला गेले तर आजी दारासमोर उभ्या. कुलपाच्या काळ्या काचेवर कुंकवाच्या बोटांचे ठसे उमटले होते. मुलाने सांगितलेला आकडा त्यांनी आठवेल तसा दाबला होता. तीन वेळा चुकल्यावर कुलपाने स्वतःला बंद करून घेतलं होतं आणि आतला लाल दिवा मिचमिचत होता.

"बाई, माझ्या हातून काही मोडलं का गं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज कापत होता.

मुलाला फोन लावला तर लागेना. देवळाभोवती इतकी गर्दी झाली की मोबाईलचं नेटवर्क गळपटतं, हे इथल्या कुणालाही विचारा. भाऊजी पुण्यात एका प्रदर्शनाला गेलेले, त्यांनी उचलला नाही. कुलपाच्या कंपनीचा मदतीचा नंबर लावला. पलीकडचा मुलगा हिंदीत म्हणाला, तक्रार नोंदवून घेतो, अ‍ॅडमिनकडून मेल येऊ द्या. आजी तोवर भिंतीला टेकून खालीच बसल्या. त्यांना मधुमेह, त्यात उपवास, अंगाला दरदरून घाम. त्यांची सुई आणि औषध खोलीतल्या फ्रिजमध्ये, पण त्या क्षणी त्यांना सुई नव्हे, साखर हवी होती हे माझ्या लक्षात आलं. माझ्या आईलाही साखर आहे. खालून सरबत मागवलं, साखर जास्त घालून.

अशा कुलपांना तळाशी एका छोट्या झाकणाखाली साध्या किल्लीचं भोक असतं. त्या किल्ल्या भाऊजींनी कपाटात बंद करून ठेवायला सांगितल्या होत्या. मी एक जोड काढून, खोलीच्या नंबराची चिठ्ठी बांधून, काउंटरच्या डब्यात ठेवला होता. तो मुद्दाम ठेवला होता आणि त्याबद्दल माझ्यावर नाराजीही झाली होती. त्या किल्लीने दार उघडलं.

आत गेल्यावर दिसलं की दाराशेजारच्या खाचेत आजींच्या मुलाने कुठल्याशा मंगल कार्यालयाचं व्हिजिटिंग कार्ड खोचून ठेवलंय. खाच वीज वाचवण्यासाठीची, कार्ड काढलं की खोलीतली सगळी वीज बंद. सगळी म्हणजे फ्रिजसुद्धा! त्या मुलाने ते कार्ड खोचलं नसतं तर आजींचं इन्सुलिन दिवसभर गरम खोलीत पडलं असतं.

रात्री भाऊजींशी बोलणं झालं. ते म्हणाले, "एका आजीबाईसाठी सगळी सिस्टीम बदलायची का?" मी म्हटलं, आपलं गिऱ्हाईक आजीबाईच आहे. पैसे मुलगा भरतो, बुकिंग मुलगा करतो, पण कोल्हापूरला यायचं ते आजीच ठरवते. पुढच्या वर्षी कुठे उतरायचं तेही तीच ठरवते. यावर त्यांच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही नाही.

आता त्या जपानबद्दल. नागासाकीजवळचं ते रोबोटांचं हेन ना हॉटेल २०१५ मध्ये उघडलं, हे खरं. पण २०१९ च्या जानेवारीत त्याच हॉटेलने आपल्या २४३ रोबोटांपैकी निम्म्याहून जास्त काढून टाकल्याची बातमी जगभर आली. खोलीतली बोलकी बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला प्रश्न समजून त्याला रात्रभर उठवत होती. काउंटरवरच्या रोबोटांना साध्या प्रश्नांची उत्तरं देता येत नव्हती आणि रोबोटांमुळे माणसांचं काम कमी होण्याऐवजी वाढलं होतं. भाऊजी पहिली बातमी सांगतात, दुसरी सांगत नाहीत.

मी यंत्रांच्या विरोधात आहे असं कृपा करून समजू नका. चॅनेल मॅनेजर, म्हणजे सगळ्या साइटवरच्या खोल्यांचा हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, आमच्याकडे मी आणला. आधी दोन-तीन बुकिंगच्या साइट, शिवाय फोनवरची बुकिंगं, आणि कुठल्या साइटला किती खोल्या दिल्यात ते वहीत. दिवाळीच्या सुट्टीत एकच खोली दोन साइटवर विकली जायची आणि रात्री अकराला दोन कुटुंबं काउंटरसमोर भांडत उभी. आता एका ठिकाणी खोली गेली की सगळीकडून आपोआप कमी होते. तुमच्याकडे हे नसेल तर कुलपांच्या आधी हे घ्या. पाहुण्याच्या नजरेस ते पडत नाही, पण तुमचा जीव ते वाचवतं.

विजेची खाच चांगलीच, फक्त नीट बसवा. स्वस्तातली खाच कुठल्याही पुठ्ठ्याने चालू राहते. लोक एसी चालू ठेवून ज्योतिबाला जाऊन येतात, म्हणून हॉटेलचंच कार्ड ओळखणारी घ्या. आणि वायरमनला आधी सांगून फ्रिज आणि चार्जिंगचा एक सॉकेट वेगळ्या लाइनवर घ्या. नंतर भिंत फोडायला लागते. हालचाल ओळखून दिवे बंद करणारे सेन्सर पॅसेजमध्ये आणि जिन्यात लावा. खोलीत नको. झोपलेला किंवा पूजेला शांत बसलेला माणूस त्यांना दिसत नाही.

कुलपांचं म्हणाल तर आम्ही शेवटी काउंटरवरून द्यायच्या आरएफआयडी कार्डांवर, म्हणजे कुलपाजवळ धरलं की दार उघडणाऱ्या कार्डांवर, आलो. कुलूप चार पेन्सिल सेलवर चालतं, कार्डातच खोली आणि चेक-आउटची वेळ भरलेली असते, त्यामुळे लाइट गेली, नेट गेलं तरी दार उघडतं. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, गाव तुटलं, आमच्याकडचे पाहुणे अडकून पडले. विक्रेता आला की पहिला प्रश्न हाच विचारा की आठवडाभर इंटरनेट नसेल तर तुमचं कुलूप काय करतं. एका कुटुंबाला एक कार्ड देऊ नका, आजीच्या हातात वेगळं द्या. आम्ही प्रत्येक मजल्याच्या भिंतीला एक रंगाचा पट्टा मारलाय आणि कार्डाला त्याच रंगाची नाडी आहे. कार्डावर खोलीचा नंबर लिहीत नाही. हिरव्या नाडीची बाई हिरव्या मजल्यावर जाते, तिथे माझी मुलगी पुढचं दाखवते.

कार्डंसुद्धा अभेद्य नसतात. २०२४ च्या मार्चमध्ये सॅफ्लॉक नावाच्या हॉटेल कुलपांमधला दोष संशोधकांनी उघड केला. १३१ देशांतले तीस लाखांहून जास्त दरवाजे, आणि त्या हॉटेलचं कुठलंही एक कार्ड हाती असेल तर त्यावरून बनवलेल्या दोन कार्डांनी तिथलं कुठलंही दार उघडता येत होतं. दुरुस्ती एका बटणावर होत नाही, दारोदार जाऊन कुलूप अद्ययावत करावं लागतं किंवा बदलावं लागतं. म्हणून दुसरा प्रश्न: असा दोष सापडला तर माझ्या वीस दारांशी येऊन काम कोण करणार आणि किती पैसे घेणार? हे लिहून घ्या. अ‍ॅपवर चालणारी कुलपं असतील तर तिसरा: तुमची कंपनी बंद पडली तर माझ्या दारांचं काय?

खर्चाचा एक मुद्दा बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झाला, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेला कर वळता करून घ्यायची सोय, मिळत नाही. म्हणजे कुलपं, सेन्सर, सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी यांवर भरलेला कर थेट तुमच्या खिशातून जातो. पगार वाचण्याचा हिशेब मांडताना तो धरा.

आणि आधार कार्डं. आमच्या भागात कित्येक ठिकाणी पाहुण्याचं आधार रूमबॉयच्या खाजगी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतात आणि ते तिथेच पडून राहतं. हे बंद करा, २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आलेला आहे. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार कुणी दिलं तर कटकट न करता घ्या. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरायचीच. हे काम यंत्र हलकं करतं, जबाबदारी मात्र तुमचीच राहते. रात्री दोन वाजता एखाद्या माणसाबरोबर घाबरलेली, मान खाली घातलेली पोरगी आली, तर सेल्फ चेक-इनचं यंत्र दोघांची ओळखपत्रं स्कॅन करून खोली देईल. आमचे काका देत नाहीत. ते आधी तिला नाव, गाव विचारतात. एकदा त्यांच्या अशाच विचारण्यामुळे एक मुलगी तिच्या घरी सुखरूप पोचली, आणि याच माणसाला आम्ही काढणार होतो.

आता थोडं दुसऱ्या बाजूने. तुमचं हॉटेल गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीच्या वाटेवर असेल, कारखान्याच्या कामाला येणारे इंजिनिअर उतरत असतील, तर माझं निम्मं म्हणणं बाजूला ठेवा. रात्री एकला थकून आलेल्या, एकट्या, महिन्यातून दोनदा येणाऱ्या माणसाला कुणाशी बोलायचं नसतं. त्याला मोबाईलवरचा कोडच आवडेल. तिथे भाऊजींचं बरोबर आहे. वीस खोल्यांपैकी काही कोडवर आणि काही कार्डावर असंही करता येतं, पण मग दोन विक्रेते, दोन अ‍ॅप, दोन तऱ्हेचे सेल.

तुमचा मूळ प्रश्न दोन पगारांचा. दिवसाचं काम यंत्रांनी खरंच कमी होतं, दिवसाचा एक माणूस तुम्ही खोल्यांच्या स्वच्छतेकडे वळवू शकता. रात्रीचा हलवू नका. आमच्या काकांना साठी ओलांडल्यावर चॅनेल मॅनेजर शिकवला. आता रात्री आलेलं बुकिंग ते स्वतः बघतात, खोली बदलून देतात, बिल काढतात. त्यांचा पगार वाढवला, आणि लग्नात जे बोललं गेलं त्याला माझं हेच उत्तर आहे.

कुलपं मागवायच्या आधी दारांची जाडी मोजा. जुन्या सागवानी दारांना आणि पातळ फ्लश डोअरला एकच कुलूप बसत नाही, आणि एकदा भोक पाडलं की दार पहिल्यासारखं होत नाही. दारांचे फोटो आणि जाडी इथे टाकलीत तर कुठल्या प्रकारचं बसेल ते सांगते.